काळीच्या पोटातला निरोप

१२ एप्रिल २००३

वैजनाथच्या बाबास, द्वारकाचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नका, घरी सगळं ठीक हाय. अक्षर माझंच हाय, दुसऱ्या कुणाकडून लिव्हून घेतलं न्हाई. साक्षरतेच्या वर्गाला मला तुमीच धाडलं व्हतं. "आता द्वारकाबाई कलेक्टर व्हणार" म्हणून सारं गाव दात काढायचं, आन् तुमी वर्ग सुटेस्तोवर शाळेच्या पायरीवर कंदील घेऊन बसायचे. ती अक्षरं रुसलेल्या नवऱ्यासाठी कामी येतील असं कुणाला ठाऊक व्हतं!

या म्हणून लिव्हत न्हाई. यायचं तर या, न्हाई तर राहा तिथंच कुरुंद्याला बहिणीच्या हातची पातळ आमटी खात. मी लिव्हते ते अनुसयावन्संसाठी. तुमी त्यांना काय सांगितलं असंल ते मला इथं बसून कळतं. "पोरगं टाकून बोललं, मी निघालो," एवढंच. त्याच्या आधीचं सगळं गिळलं असंल. म्हणून हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, एक अक्षर गाळू नका.

वन्सं, ऐका. तुमच्या आईच्या आंदणात जी लाल कंधारी गाय आली, तिच्याच पोटची ही आपली हरणी. आजीकडून आईकडं, आईकडून लेकीकडं, असा तो वंश आपल्या गोठ्यात चालत आला. हरणीला मात्र झाले ते सगळे गोऱ्हे. एकाहून एक बैल निघाले, पण कालवड एक न्हाई. आन् आता हरणी म्हातारी झाली. तुमच्या भावाला दुसरी काई हौस न्हाई, पान न्हाई, तंबाखू न्हाई. पण आईची गाय आपल्या हातात संपणार, ह्या एका गोष्टीनं त्यांचा घास उतरंना. जनावरांच्या दवाखान्यात जाऊन त्यांनी इचारलं, "म्हातारीच्या पोटची एक पोर मिळंल असं काई औषध निघालंय का?" तिथून निरोप गेला आन् परभणीहून डॉक्टर वैष्णवी आल्या.

अंगानं एवढीशी पोरगी, एसटीतून उतरून फाट्यापासून पायी आली. शेजारच्या रुख्मिणीबाईनं तोंडाला पदर लावला, म्हणली ही काय गाय धरणार. पोरीनं खांद्यापर्यंत रबरी मोजा चढवला, हरणीच्या आत हात घातला आन् डोळे मिटून उभी राहिली. मग मला म्हणली, "काकू, हिच्या पोटात अंडी अजून आहेत. दर वेळी बरीच पिकायला लागतात, पण डोक्यातल्या एका बारक्या गाठीतून जो रस सुटतो तो एकालाच पुरतो. बाकीची सुकून जातात. तोच रस आपण सुईनं बाहेरून दिला, तर सुकणारी पण पिकतील."

"म्हणजे आंब्याच्या अढीत एकच आंबा पिकावा आन् बाकीचे जागेवर सुकावे, तसं?" मी इचारलं.

"तसंच," ती म्हणली. वन्सं, एवढी शिकलेली पोर, पण माझ्या अढीला हसली न्हाई.

पुढचं तर मला खरंच वाटंना. अंडी पिकली की हरणीला कंधारी वळूचं बी भरायचं. आठवड्याभरानं तिची पिशवी औषधाच्या पाण्यानं धुवून आतले जीव बाहेर काढायचे आन् दुसऱ्या गाईंच्या पोटात ठेवायचे, कारण हरणीत पोसायची ताकद न्हाई. पण त्या गाईंच्या पिशवीत बी त्याच वेळी जागा तयार पाहिजे. म्हणून आपल्या काळीला आन् रुख्मिणीबाईच्या तरण्या गाईला सुई देऊन हरणीच्या बराबर माजावर आणायचं. फक्त ह्या दोघींना वळू दाखवायचा न्हाई. हे त्या पोरीनं आपल्या उंबऱ्यात उभं राहून पुन्हा पुन्हा सांगितलं.

काळी माजावर आली त्या दिवशी वैजनाथ हिंगोलीला गेला व्हता आन् मी रानात. काळी हंबरून हंबरून दावं तोडू लागली. तुमच्या वडलांनी तुमच्या भावाला काय शिकवलं ते तुमाला ठाऊकच हाय. माजावरची गाय हंबरती आन् मालक ऐकत बसतो, त्या घराला तिची हाय लागते. ह्यांनी सकाळभर कसंबसं ऐकलं. दुपारी ऐकवंना. काळीला सोडलं, अमृतरावाच्या काळ्या-पांढऱ्या बांड्या वळूकडं नेलं, आन् आणून गुमान बांधलं. कुणाला काई बोलले न्हाईत.

मग डॉक्टरीणबाई आली, हरणीची पिशवी धुतली. म्हातारीला सुया नेटानं लागल्या नव्हत्या, दोनच जीव हाती आले. एक नेटका, एक जरा नबळा. आमाला दुर्बिणीत दाखवले. वन्सं, काय सांगू! मोहरीहून लई बारीक, पण आत बघितलं तर सीताफळासारखा डोळ्याडोळ्यांचा गोल. तुमच्या भावानं वाकून बघितलं आन् डोक्यावरची टोपी काढली. देवळात काढावी तशी. नेटका जीव रुख्मिणीबाईच्या गाईत ठेवला, नबळा काळीत.

रुख्मिणीबाईची गाय उलटली, पुन्हा माजावर आली. उरली काळी. होळीच्या आसपास डॉक्टरीणबाईनं काळीला तपासलं आन् ओरडली, "गाभण आहे!" वैजनाथ पेढे घेऊन आला, गोठा माणसांनी भरून गेला. आन् वन्सं, तुमचा भाऊ पेढा हातात धरून तसाच उभा. म्हणले, "काळीला मी वळू दाखवला व्हता."

आता तुमाला सांगते, वैजनाथच्या बाबा. कुणी इचारलं नव्हतं. गप राहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पुढं बांडं वासरू झालं असतं तर गाव त्या पोरीला हसलं असतं, तुमाला न्हाई. तेच तुमाला सोसलं नसतं म्हणून तुमी भरल्या गोठ्यात बोलले. पोरगं भडकलं, "आजीच्या गाईचा वंश तुमी आपल्या हातानं बुडवला" म्हणलं. त्याचं चुकलं. ते मी त्याला सांगितलंय, कसं सांगितलं ते इचारू नका. पण त्या दिवशी तुमच्याकडं बघून मला जेवढा अभिमान वाटला तेवढा लग्नापासून कवा वाटला नव्हता. तुमच्या तोंडावर हे बोलले नसते. पत्राचं हे बरं हाय, तोंड दिसत न्हाई.

काळीच्या पोटात हरणीचं वासरू हाय का बांड्याचं, ते ती वेल्याबिगर कळायचं न्हाई. "तोवर ह्या घरात पाय ठेवणार न्हाई" असं म्हणून तुमी पिशवी उचलली. ठीक हाय. कडब्याची गंजी वैजनाथनं रचली, ती धरणाकडं कललीय.

द्वारका


८ जून २००३

वैजनाथच्या बाबास नमस्कार.

एक कार्ड बी न्हाई तुमचं. पोष्टमन आपल्या दारावरून जाताना आता माझ्याकडं बघतच न्हाई, सायकल जोरात मारतो. त्याला बी माझी लाज वाटून राहिली.

काल डॉक्टरीणबाई येऊन गेली. गोठ्यात शिरल्याबरोबर इचारलं, "रामकिशन काका कुठे आहेत?" मी म्हणलं, बहिणीकडं गेलेत, हळदीच्या कामाला. खोटं बोलले. तिच्या ते ध्यानात आलं असंल, कारण ती म्हणली, "काकू, त्यांना सांगा, मी रागावलेली नाही. ते बोलले नसते तर मी आयुष्यभर चुकीचं समजून बसले असते. एवढं खरं बोलणारा माणूस मला कॉलेजात पण भेटला नाही." शब्द न् शब्द तिचा हाय, माझं त्यात काई न्हाई.

तुमाला तिनं ज्या दिवशी हरणीचं डोकं धरायला सांगितलं, तो दिवस ती इसरली न्हाई. हरणी हलली न्हाई म्हणून ते जीव हाती लागले, म्हणते. तुमी तिच्या कानात काय बोलत व्हते, असं इचारत व्हती. मी म्हणलं, मला काय ठाऊक, माझ्या कानात तर ते कवा बोलले न्हाईत.

मी तिला चहा दिला आन् एक इचारलं. म्हणलं, बाई, रुख्मिणीच्या गाईत तर नेटका जीव ठेवला व्हता, गाय तरणी, खाऊन पिऊन धडधाकट, तरी उलटली काहून? तिनं कप खाली ठेवला आन् मला जे सांगितलं ते ऐकून मी दिवसभर त्याच विचारात व्हते. ती म्हणते, अंडं जिथून सुटतं तिथं मागं एक पिवळी गाठ उरते. त्या गाठीचा रस पिशवीला सांगतो, मऊ राहा, दार लावून घे, कुणीतरी येणार हाय. पण गाय किती वाट बघणार? काई दिवसांत पोटातल्या जिवानं आईला निरोप धाडावा लागतो, "मी आलोय" म्हणून. त्याला तोंड न्हाई, हात न्हाई, पाय न्हाई. आपल्या अंगचा एक रस सोडतो, तोच त्याचा निरोप. तो वेळेत पोचला तर पिवळी गाठ राहते. न्हाई पोचला तर आईची पिशवीच ती गाठ इरघळून टाकते आन् गाय पुन्हा माजावर येते. रुख्मिणीच्या गाईतल्या जिवाचा निरोप पोचला न्हाई.

बघा आता. डोळ्याला दिसत न्हाई एवढासा जीव, जन्मलेला बी न्हाई, त्याला कळतं की निरोप धाडायचा असतो. आन् माझा धडधाकट नवरा, सातवी पास, बसस्टँडावर पोष्टाची पेटी, त्याला कळत न्हाई!

वैजनाथ तुमचं नाव काढत न्हाई. पण तुमची वहाण गोठ्याच्या दारात पडली व्हती, ती त्यानं उचलून तेल लावून ठेवली. मी बघितलं हे त्याला ठाऊक न्हाई.

द्वारका


२२ जुलै २००३

वैजनाथच्या बाबास नमस्कार.

काळीच्या पोटात दोन हाईत!

डॉक्टरीणबाईला शंका व्हतीच, काळीचं पोट लई फुगलं म्हणून. परवा हात घालून बराच वेळ चाचपलं. म्हणली, जुळं वाटतंय. म्हणजे काळीचं आपलं एक, आन् त्याच्या शेजारी हरणीचा तो नबळा जीव. वैजनाथ तर नाचायलाच लागला. मी बी देवापुढं साखर ठेवली.

पण ती पोर हसली न्हाई. मी बाजूला घेऊन इचारलं, काय झालं बाई? मग म्हणली, "काकू, दोन्ही कालवडी असल्या तर काही काळजी नाही. पण एक गोऱ्हा आणि एक कालवड असली तर अवघड आहे." गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारा एकमेकांना चिकटतात, एकाचं रक्त दुसऱ्यात जातं, म्हणते. गोऱ्ह्याचा रस आधी सुटतो. तो बहिणीच्या अंगात शिरला की तिची पिशवी घडत न्हाई. दिसायला कालवड, पण जवळजवळ सगळ्या तसल्या कालवडी जन्माच्या वांझ निघतात.

म्हणजे हरणीची पोर झाली, आन् बांड्याचा गोऱ्हा तिच्या शेजारी असला, तर ती पोर असून नसल्यासारखी. तिच्या पुढं वंश न्हाई. मी त्या पोरीला म्हणलं, कुणाची चूक न्हाई ह्यात, बाई. ती म्हणली, "काकांना हे कळवू नका." मी तुमाला कळवून राहिले. तुमी आमच्यापासून लपवलं न्हाई, मी तुमच्यापासून कशाला लपवू.

एक सांगते, राग येऊ देऊ नका. ही सगळी भीती हाय तरी मला राहून राहून नवल वाटतं. आपण म्हणायचो, गाय गाभण राहिली, गाय वेली, संपलं. आत केवढा कारभार चाललेला असतो! कोण थांबतं, कोण सांगतं, कोण ऐकतं, सगळं एका एका थेंबावर. आन् एवढीशी पोरगी ते सगळं समजून घेऊन आपल्या गोठ्यात उकिडवी बसते, माझ्या हातची भाकर खाते. मला पुन्हा जन्म मिळाला तर मी ते काम शिकंन. हसा आता.

हरणीची काळजी करू नका. तिला आता कसली तकलीफ न्हाई.

काळीचे दिवस भरत आले. आपल्या घरात वासराच्या गळ्यातलं पयलं दावं कारभाऱ्यानं स्वतः वळलेलं असतं, इकतचं चालत न्हाई. दावं वळायचा अंबाडीचा वाख आढ्याला तसाच लटकून हाय. मी आठवण करून देत न्हाई, नुसतं लिव्हते.

द्वारका


३१ ऑगस्ट २००३

वैजनाथच्या बाबास नमस्कार.

पोळ्याला तरी याल वाटलं व्हतं. आदल्या दिवशी खांदेमळणीला वैजनाथनं बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावलं. दोन्ही बैल हरणीचेच, त्यांनी मान फिरवून दाराकडं बघितलं. मी बी बघितलं.

मागच्या पत्रात लिव्हलं ते खोटं नव्हतं, पण पुरं बी नव्हतं. हरणी गेली. आषाढी होऊन गेल्यावर, सकाळी गव्हाणीत तोंड ठेवून बसली ती उठली न्हाई. तकलीफ झाली न्हाई तिला. तुमाला तिथं परक्या गावात एकट्यानं हे वाचावं लागंल म्हणून माझा हात चालंना. वैजनाथनं बांधाला, चिंचेखाली खड्डा घेतला. कुणाला हात लावू दिला न्हाई. माती लोटून झाल्यावर तिथंच बसला आन् ढसाढसा रडला, "बाबा असते तर" म्हणला. हे बी तुमाला कळवू नको म्हणला व्हता. ह्या घरात सगळ्यांना सगळं लपवायचंय, आन् लिव्हणारी मी एकटी!

आता काळीच्या पोटात जे हाय तेवढंच हरणीचं उरलंय.

परवा सिद्धेश्वरच्या गाडीच्या कंडक्टरनं फडक्यात बांधलेली गठडी आणून दिली. चिठ्ठी न्हाई, शब्द न्हाई. आत तुमच्या हातचं दावं. मी पीळ बघूनच ओळखलं, असा पीळ पंचक्रोशीत कुणाच्या हाताला न्हाई. टोकाला लाल गोंडा. मी ते पदरात घेऊन चुलीपुढं बसले. तुमचा निरोप आला म्हणायचा. मुका हाय, पण पोचला.

मात्र एकच दावं धाडलं तुमी. लाल गोंड्याचं. जुळं हाय हे वाचून बी एकच. दुसऱ्याला तुमी मोजत न्हाई, हे मला कळलं. ते तुमच्या चुकीचं वासरू, नव्हं का? बरं.

द्वारका


६ सप्टेंबर २००३

वैजनाथच्या बाबास नमस्कार.

हे पत्र पोष्टानं येत न्हाई. पोष्टाची वाट बघायला मला दम न्हाई. हे घेऊन जो दारात उभा हाय तो तुमचा मुलगा. तो काई बोलणार न्हाई, तुमच्यावरच गेलाय. आधी त्याला आत घ्या, पाणी द्या, मग वाचा.

काळी काल दुपारी वेली. दिवस भरायच्या जरा आधीच, जुळ्यांचं तसं असतं म्हणे. वैजनाथनं फाट्यावरच्या दुकानातून फोन लावला आन् डॉक्टरीणबाई जीप करून धावत आली. पयलं वासरू काई तकलीफ न देता सुटलं. काळंकुट्ट, पोटाला पांढरा पट्टा, बांड्याचा ठसाच. पोरीनं शेपूट वर केलं, बघितलं, आन् बोलली, "कालवड." माझ्या जिवात जीव आला. पण दुसरं कोण? लाल गोऱ्हा असला तर हरणीचं पुन्हा तेच, वर ही काळी पोर वांझ. दुसरं वासरू उलटं व्हतं, मागचे पाय पुढं. काळी थकली, बसली, डोळे फिरवायला लागली. डॉक्टरीणबाई गुडघ्यावर, तिचा हात आत खांद्यापर्यंत, घाम डोळ्यांत जाऊन राहिलेला. काळीचं डोकं वैजनाथच्या मांडीवर. तो तिच्या कानात बोलत व्हता, "व्हय बाई, व्हय, झालंच आता, माझी शहाणी." मला वाटलं तुमीच बसलाय. तुमी हेच बोलत व्हते ना हरणीच्या कानात? मला आत्ता कळलं.

ती पोर एकदम मागं सरली आन् तिच्या हातासंगं वासरू भुईवर आलं. लाल. ओलं व्हतं तरी लाल दिसलं, डोळ्याभोवती हरणीसारखी काजळाची कड. हलंना. डॉक्टरीणबाईनं तोंडातला चिकटा बोटानं काढला, वैजनाथनं पेंढ्यानं चोळलं, मी नुसतंच "ऊठ गं, ऊठ गं" करत व्हते. "गं" कशाला म्हणत व्हते, मला बी ठाऊक न्हाई, अजून कुणी बघितलं नव्हतं. मग ते शिंकलं. पोरीनं शेपूट वर केलं आन् तिथंच शेणात बसली. हसून राहिली का रडून राहिली, कळंना. "काकू, दोघी पोरी!"

दोघी पोरी, वैजनाथच्या बाबा! रक्त मिसळलं असंल तर मिसळू द्या, दोघींची बाईचीच जात. हरणीची पोर उद्या गाभण राहील, तिला पोरी व्हतील. तुमच्या आईची गाय संपली न्हाई.

आता पुढचं नीट वाचा, ह्याच्यासाठीच हे पत्र हाय. हात धुतल्यावर डॉक्टरीणबाई म्हणली, "काकू, काळीत ठेवलेला जीव नबळा होता, मी तेव्हाच बोलले होते. तसला जीव निरोप धाडतो, पण तो क्षीण असतो. नेटका होता त्याचा पोचला नाही, ह्याचा एकट्याचा कसा पोचला असता? मला वाटतं, काळीच्या आपल्या वासराचा निरोप जोरात गेला. त्यावर पिवळी गाठ राहिली, आणि त्याच्या आडोशानं हे लाल वासरू तगलं." मी म्हणलं, म्हणजे गर्दीच्या एसटीत एकीनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आन् दुसरी तिच्याशेजारी दाटीवाटीनं बसली? ती म्हणली, "काकू, तुम्ही माझ्या जागी शिकवायला या." मग लगेच बोट वर करून म्हणली, "खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. आणि काकांना सांगा, हे नशिबानं जमलं. गोऱ्हा असता तर सगळं फसलं असतं. परत असं करायचं नाही." तिचा दम मी तुमाला जसाच्या तसा कळवलाय.

तुमी चूक केली, ते खरं. पण ती चूक कशातून झाली? एक मुकं जनावर हंबरत व्हतं आन् तुमाला ऐकवलं न्हाई. त्या दिवशी तुमचं मन दगडाचं असतं तर आज गोठ्यात लाल वासरू नसतं, असंच मी धरून चालणार, खात्री असो नसो. वैजनाथ हे सगळं ऐकत दावणीशी उभा व्हता. संध्याकाळी म्हणला, "आई, मी सकाळच्या गाडीनं कुरुंद्याला जातो." मी इचारलं न्हाई काहून.

लाल पोरीच्या गळ्यात तुमचं दावं बांधलं, गोंडा तिला लई शोभतो. पण काळी पोर मोकळीच हाय. माझ्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधलाय, तो ती चावून टाकते. वैजनाथ म्हणला, मी वळतो दावं. मी म्हणलं, हात लावू नको. जिच्यापायी तुमी घर सोडलं, जिनं हरणीच्या पोरीला जागा धरली, तिचं दावं तुमच्याच हातचं पाहिजे. तिथं बसून वळून धाडलं तर मी परत पाठवीन.

आढ्यावरचा वाख मी काढून भिजत घातलाय. तुमी आजच निघा. दुपारच्या गाडीला बाजाराची गर्दी असते आन् तुमचे गुडघे दुखतात, उभ्यानं येऊ नका. वैजनाथला म्हणावं, आधी खिडकीतून रुमाल टाक.

द्वारका